कोंडवाड्यातली जीप

सावरडोहच्या कोंडवाड्यात शेवटचं जनावर कोणतं आलं होतं, हे गावात कुणालाच नक्की सांगता येत नाही. लोकांनी आधी गुरं मोकळी सोडणं बंद केलं, मग हळूहळू गुरं ठेवणंच बंद केलं, आणि दारव्ह्याच्या रस्त्याला लागून असलेली ती दगडी भिंतीची, अर्ध्या पत्र्याच्या छपराची जागा रिकामी पडली. दारावरची पाटी मात्र राहिली : ‘मोकाट जनावरे मुदतीत सोडवून न नेल्यास ग्रामपंचायतीच्या मालकीची समजली जातील.’ अंकुरने या पाटीकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. दिलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण गाडीच्या तळाशी उताणं पडून वर पाहणाऱ्या माणसाला दारावरच्या पाट्या दिसत नाहीत.

अंकुर गावाबाहेरच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर होता. दिवसभर त्याच्या सोबतीला रोहित्रांची गुणगुण असे, आणि ती त्याला पुरेशी वाटे. माणसांशी बोलताना त्याचं वाक्य मनात जुळून ओठांपर्यंत येईतो विषय बदललेला असे. मग ते वाक्य तो तसंच गिळून टाकी. न बोललेली वाक्यं अशी पोटात साठवणाऱ्या माणसाला एखादं मुकं यंत्र आवडावं, यात नवल नाही. नेरच्या एका भंगारवाल्याच्या आवारात त्याला ती जुनी जीप दिसली, तेव्हा चालकाच्या जागी, कुजलेल्या पत्र्यातून, कडुनिंबाचं एक रोप वर आलं होतं. जीप आपलीच वाट पाहत होती, असं काही त्याला वाटलं नाही. ती कुणाचीच वाट पाहत नव्हती, आणि म्हणूनच ती त्याला जवळची वाटली.

रोप त्याने कोंडवाड्याच्या भिंतीलगत लावलं आणि जीप आत ठेवली. ‘पडून तं हाय जागा’ म्हणत पंचायतीने कधी तरी तोंडी होकार दिला होता. मग सुट्टीचे सारे दिवस तिथेच जाऊ लागले. इंजिन उघडलं तर आत मुंग्यांनी संसार मांडलेला. कार्बोरेटर रॉकेलमध्ये भिजत पडला, ब्रेकचे ड्रम दारव्ह्याच्या लेथवर जाऊन आले, जुन्या लष्करी गाड्यांचे सुटे भाग विकणारा कुणी तरी हैदराबादेत सापडला आणि त्याच्याकडून पिस्टनच्या रिंगा आल्या. तारांवर मुळात कापडी वेष्टन असे, म्हणून अंकुरने तारांना कापड गुंडाळलं. ते कुणालाही दिसणार नव्हतं. रस्त्याने जाणारे डोकावून विचारत, “काय गड्या, कधी उडन तुहं विमान?” आणि तो हसे. हसण्याला वाक्य लागत नाही.

तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी इंजिन लागलं. त्याचा थरथराट स्टिअरिंगमधून तळहातात, मनगटात, खांद्यात चढत गेला, आणि कुणी तरी आपल्याशी काहीही घाई न करता बोलतं आहे, असं त्याला वाटलं. जीप तिच्या चाकांवर कोंडवाड्याबाहेर गेली, कडुनिंबाला वळसा घालून परत आली. अंकुरला आयुष्याकडून याहून जास्त काही नको होतं. पण गावाला हवं होतं.

राहिला होता फक्त रंग. जुन्या गाडीचा मूळ रंग शोधायची एक रीत असते : पाण्यात बुडवलेल्या पॉलिशपेपरने एकाच जागी गोल गोल घासत राहायचं. मग झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखी एकात एक वर्तुळं उमटतात. इथे सर्वांत वर काळं-पिवळं निघालं, कारण जीप कधी काळी दारव्ह्याच्या रस्त्यावर सवाऱ्या वाहत होती. त्याखाली पांढरं, आणि त्याच्याही खाली, थेट लोखंडाला चिकटून, शेवाळलेल्या विहिरीच्या पाण्यासारखं हिरवं. त्या हिरव्यावर बोट ठेवून नानाजी उभे राहिले.

सावरडोहच्या सरपंच रुपालीताई होत्या, आणि सरपंचकी त्यांचे यजमान नानाजी करत. ही वाटणी कायद्यात नव्हती, पण कायद्याहून जुनी होती.

“हे हिरवं काय आहे बे?” नानाजींनी विचारलं.

“मूळ रंग, नानाभाऊ. फौजेचा.”

“फौजेची जीप? अन् तू मले आता सांगून राह्यला?”

फौजेकडे अशा जीपा हजारोंनी होत्या, जुन्या झाल्या की त्यांचा लिलाव होई, आणि ही कधी कुठल्या सीमेजवळ गेली की छावणीतला भाजीपाला वाहत राहिली हे तिचं तिलाच ठाऊक, असं एक लांब वाक्य अंकुरच्या मनात जुळत आलं. ते पूर्ण झालं तेव्हा नानाजी रस्ता ओलांडून पलीकडे फोनवर बोलत होते.

नानाजींच्या घाईला कारण होतं. शेजारच्या गावाने वेशीत सिमेंटचं लढाऊ विमान उभारलं होतं. त्या गावातला एकही माणूस विमानात बसलेला नव्हता, तरी रविवारी नेर-दारव्ह्याची पोरं तिथे फोटो काढायला येत आणि भज्यांची दोन दुकानं चालत. सावरडोहकडे दाखवायला काही नव्हतं. आता होतं.

आठवडा संपण्याआधी जीपने एकाहत्तरची लढाई लढली. मागच्या पत्र्यावर जिथे जादा टायर बसत असे, तिथल्या बोल्टांच्या भोकांना गोळ्यांच्या खुणा म्हणून मान्यता मिळाली. इतिहास शिकवता शिकवता तो घडवायची सवय लागलेले निवृत्त मुख्याध्यापक घनश्याम सर रोज एक नवी चकमक घेऊन पारावर येत. साक्षीदार हवा होता. तो नानाजींच्या घरातच निघाला. त्यांचे वडील देवराव तरुणपणी काही महिने पुलगावच्या लष्करी दारूगोळ्याच्या डेपोत पेट्या वाहायला गेले होते.

“लढाईच्याच साली,” नानाजी म्हणाले. “मंग त्या पेट्या याच जीपमधी गेल्या असतीन का नाही?”

“असतीन,” पार म्हणाला.

देवरावांना हाताला धरून कोंडवाड्याच्या दारात आणलं. ऐंशीच्या घरातला वाळका म्हातारा. त्यांनी जीपकडे पाहिलं. नाकाडाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग एक अक्षरही न बोलता ते काठी टेकत घरी परतले.

“रणभूमी पाहिलेली माणसं बोलत नसतात,” घनश्याम सर हलक्या आवाजात म्हणाले. यावर पुरावा पूर्ण झाला.

ग्रामसभेत ठराव आला : विजय दिनाला जीप चौकातल्या चौथऱ्यावर कायमची बसवायची. इंजिन काढून टाकायचं म्हणजे चोरीची भीती नाही, आणि चाकं सिमेंटमध्ये अर्धी गाडायची म्हणजे पोरं ढकलत नेणार नाहीत. अंकुर मागच्या ओळीत बसला होता. इंजिन काढायचं हे ऐकून त्याच्या तळहातांना एकदम गार वाटलं. तो उठला.

“नानाभाऊ, ती चालते,” तो म्हणाला. “चालती राहू द्या.”

“चालून चालून जाईन कुठी? दारव्ह्याले? तिथी तं ऑटो बी जाते.” सभा हसली.

“पण... गाडी माझी आहे.”

हे वाक्य त्याने फार हळू उच्चारलं, तरी नानाजींना ते ऐकू गेलं. राजकारणात कान असेच लागतात. त्यांनी खिडकीतून कोंडवाड्याच्या पाटीकडे बोट केलं. “वाच बरं मोठ्यानं. मुदतीत सोडवून नेली का तू?”

“अहो, ते जनावराचं हाय,” रुपालीताई खुर्चीतून म्हणाल्या. त्या सभेत हे त्यांचं एकमेव वाक्य.

“थांब वं तू. अंकुर, किती घोड्याचं इंजिन हाय हे?”

“साठ,” अंकुर म्हणाला. खोटं बोलणं त्याला बोलण्याहूनही अवघड होतं.

“मंग? साठ घोडे तीन वर्सं कोंडवाड्यात पडले. कोनी आलं सोडवाले?”

सभेने टाळ्या वाजवल्या. अंकुरला उत्तर सुचलं ते घरी पोचल्यावर, पाय धुताना.

पुढचे दिवस तो उपकेंद्रातून सुटला की कोंडवाड्यात जाई आणि उगाच घासत बसे. लवकरच दगड होणाऱ्या वस्तूचं अंग तो पुसत होता. अशाच एका दुपारी डाव्या दाराच्या काळ्या-पिवळ्याखालचं पांढरं मोकळं होत असताना पॉलिशपेपरला लाल पाणी आलं. तो जपून घासू लागला. एक त्रिकोण निघाला, टोक खाली केलेला, लालभडक. त्याच्या शेजारी एक गोल चेहरा, मग दुसरा. मिशी असलेला बाप, कुंकू लावलेली आई, एक मुलगा आणि वेणी घातलेली एक मुलगी. चौघेही काळ्या-पिवळ्या थराखालून, पन्नास वर्षांच्या अंधारातून, त्याच्याकडे पाहून हसत होते. ते चित्र त्याने शाळेच्या पुस्तकात, दवाखान्याच्या जुन्या भिंतीवर कुठे तरी पाहिलं होतं. फौजेतून निघाल्यावर जीप कुटुंबनियोजनाच्या कामाला लागली होती.

त्याने नानाजींना बोलावून दाखवलं. नानाजींनी चार चेहऱ्यांकडे पाहिलं, चौघांनी नानाजींकडे पाहिलं.

“हिरवा मार,” नानाजी म्हणाले. “आजच्या आज.”

अंकुरने हिरवा मारला. तेवढंच ऐकायची त्याला सवय होती. मुलीच्या चेहऱ्यावर ब्रश फिरवताना मात्र त्याचा हात क्षणभर थांबला.

आता एक भोंगा राहिला होता. तो जळक्या वांग्यासारखा दिसत होता आणि तीन वर्षांत त्याने हूं की चूं केलं नव्हतं. मरायला निघालेल्या गाडीचा भोंगा दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. पण अंकुरला तिला तोंड बंद ठेवून पाठवायचं नव्हतं. त्याने आतला गंजलेला पडदा साफ केला, टोकं घासली, मागचा स्क्रू वळवत वळवत नेला आणि भर दुपारी बटण दाबलं. विहिरीत पडलेल्या हेल्याने हंबरावं तसा आवाज निघाला आणि गावभर पसरला.

समोरच्या ओट्यावर देवराव जेवत होते. हातातला घास ताटात टाकून ते उठले. काठी न घेता, वाकून, ते घरामागच्या तुरीत शिरले. शेंगांनी लगडलेली तूर डोक्याएवढी उभी होती. क्षणभर हलली आणि मिटली.

अंकुर धावत ओट्यापाशी गेला. देवरावांच्या पत्नी तानाबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सुपातून मानही वर केली नाही.

“आजी, आबा कुठे गेले?”

“परगावी,” तानाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचं बोळकं हलू लागलं. हसू होतं ते. “बाप्पा रे. अजून तोच आवाज हाय त्या रांडेचा.”

“कुणाचा?”

“तुह्या जीपचा. आनीबानीच्या साली दवाखान्याची पांढरी जीप ये. भोंगा वाजला का भाकर ताटात अन् मानूस तुरीत. मंग आमी बायाच दारात. डॉक्टर पुसे, मालक कुठी गेले? आमी म्हनो, परगावी. सारं गावच परगावी.” त्यांनी एक खडा वेचून फेकला. “बाकीचे वाचले. आमचा बुढा सापडला. एक रोज डोया लागला होता बिचाऱ्याचा. गाडीत घातलं अन् नेलं नसबंदीले. आला तं हातात तुपाचा डबा. नाना पायन्यात होता तवा.”

“नानाभाऊंना ठाऊक आहे?”

“त्याले कोन सांगन? त्याले वाटते, आपल्या बापाले एकच लेकरू पुरलं.”

अंकुरने वळून कोंडवाड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “मी भोंगा काढून ठेवतो, आजी.”

“कायले?” तानाबाईंनी आता वर पाहिलं. “तुही जीप सिमिटात गाडतीन, अन् माह्या बुढ्याले तिच्या बाजूले फेटा बांधून बसवतीन. लढाईचा मानूस म्हनून. पन्नास वर्सं कोनी नाही पुसलं त्याले, का बाप्पा, तुले काय झालं. तू वाजव. पाहू दे गावाले, किती सोजीर हायेत आपल्या इथी.”

विजय दिनाची सकाळ कोवळी आणि थंड होती. चौकात मांडव, मांडवाला लागून चौथरा, चौथऱ्यावर चढायला मातीचा उतार. बाजूला सिमेंट कालवायचं यंत्र, आणि इंजिन उचलायला दारव्ह्याहून आणलेली साखळीची घोडी. मांडवाची एक बाजू रस्त्याला होती, दुसरी तुरीला. मंचावर पहिल्या रांगेत गावातले सात-आठ म्हातारे बसवले होते; प्रत्येकाला शाल आणि गुलाबी फेटा. त्यांनी युद्धाचा काळ पाहिला होता, एवढं सत्काराला पुरेसं धरलं गेलं. मधोमध देवराव, कुणी तरी उचलून ठेवल्यासारखे. दारव्ह्याहून एक पाहुणे आले होते. घनश्याम सर माइकवर होते, आणि जीप नुकतीच शत्रूच्या हद्दीत शिरली होती.

खरी जीप कोंडवाड्यातून निघाली. अंकुर चालवत होता. शेजारी नानाजी काचेची चौकट धरून, गळ्यात हार घालून उभे होते. इंजिन इतकं सुरेख चाललं होतं की अंकुरला ते ऐकवेना. बायाबापड्यांनी फुलं टाकली. तो चौथऱ्याच्या उतारापाशी थांबला.

“चढव,” नानाजी म्हणाले.

अंकुरचा पाय क्लचवर होता. समोर ओलं सिमेंट एखाद्या संथ डबक्यासारखं चमकत होतं. त्याने मंचाकडे पाहिलं, मग बायकांच्या बाजूला. तिथे तानाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या आणि थेट त्याच्याकडे पाहत होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच अंकुरला वाक्य जुळवावं लागलं नाही. त्याने बटण दाबलं.

देवराव सर्वांत आधी उठले. त्यांच्यामागे दुसरा, मग तिसरा. कुणी काठ्या टाकल्या, कुणाची शाल खुर्चीला अडकून राहिली. ज्या माणसांना मंचावर चढवायला दोघादोघांनी हात दिले होते, ती माणसं मंचाच्या मागच्या बाजूने उतरून पाहता पाहता तुरीत दिसेनाशी झाली. उभ्या तुरीच्या शेंड्यांवरून गुलाबी फेटे तेवढे हलत हलत लांब जाऊ लागले.

“पाहा,” घनश्याम सर माइकवर म्हणाले, कारण माइक हातात असताना गप्प बसणं त्यांना ठाऊक नव्हतं, “रणशिंग ऐकताच आमचे वीर आजही कसे...” इथे फेट्यांची दिशा त्यांच्या ध्यानात आली. “...शत्रूला बगल देऊन...” ते म्हणाले, आणि मग त्यांनाही पुढचं सुचेना.

पाहुण्यांनी गोंधळून बायकांकडे वळून विचारलं, “कुठं गेली ही मंडळी?”

“परगावी,” पाच-सहा म्हाताऱ्या एका सुरात म्हणाल्या. पन्नास वर्षांत सूर जराही हलला नव्हता. मग त्या हसत सुटल्या. डोळे पुसत, एकमेकींच्या मांडीवर थापट्या मारत. तरुण माणसं नुसती पाहत राहिली.

नानाजी जीपमध्ये उभेच होते. त्यांनी तुरीकडे पाहिलं, मग दाराच्या ताज्या हिरव्या रंगाकडे. तिथे चार चेहरे होते, हे मांडवात दोघांनाच ठाऊक होतं. त्यांचा हात हाराकडे गेला आणि तिथेच राहिला.

“आई,” त्यांनी विचारलं, “बाबा काहून पयाले?”

तानाबाईंचं हसू थांबलं. “घरी चाल,” त्या म्हणाल्या. “सांगतो.”

नानाजी खाली उतरले. गळ्यातला हार काढून त्यांनी बॉनेटवर ठेवला आणि अंकुरकडे न पाहता म्हणाले, “ने तुही जीप. पन तो भोंगा काढून टाक.”

“भोंगा राहील, नानाभाऊ,” अंकुर म्हणाला. पूर्ण वाक्य, आणि वेळेवर. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

चौथरा अजून तसाच आहे. गाव त्यावर सोयाबीन वाळत घालतं. घनश्याम सर नव्या पाहुण्यांना सांगतात की जीपला फिरतं स्मारक म्हणून मुद्दामच मोकळं ठेवलं आहे.

पण त्या सकाळी अंकुर मांडवातून जीप मागे घेऊन निघाला तो घरी गेला नाही. तुरीला वळसा घालून तो पलीकडच्या बांधाशी, धुऱ्याशी पोचला. देवराव तिथे बसले होते, फेटा मांडीवर, पायात एकच चप्पल. जीप पाहून ते अर्धे उठले.

“मीच आहे, आबा.”

“तूच हायेस माईत हाय मले,” देवराव म्हणाले. “पायाले माईत नाही ना.” ते परत बसले. दारावरच्या हिरव्याकडे बराच वेळ पाहत राहिले. “ते चार तोंडं कुठी गेले इथले?”

“खाली आहेत. रंगाखाली.”

“पोरगी होती त्यात एक. येनीवाली.”

“आहे.”

“दारावर तं दोन लेकरं काढले होते त्याइनं,” देवराव म्हणाले. “मले एकावरच थांबवलं. पोरीचं नाव पाहून ठेवलं होतं म्या. सुखी.”

अंकुरने शेजारच्या सीटवर पडलेली फुलं झटकली. इंजिन संथपणे चालू राहिलं. तुरीच्या उशिराच्या फुलांवर मधमाश्या होत्या; दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले.

“बसा, आबा,” काही वेळाने तो म्हणाला.

“घरी सोडशीन ना?”

“घरीच.”

देवराव काठीशिवाय, दाराला धरून, आपल्या पायांनी जीपमध्ये चढले. बसल्यावर त्यांनी सीटवरून हात फिरवला, काचेची चौकट चाचपली आणि स्टिअरिंगच्या मधोमध असलेल्या काळ्या बटणावर त्यांचं बोट येऊन थांबलं. त्यांनी अंकुरकडे पाहिलं. अंकुरने मान हलवली.

एव्हाना तुरीतून, कानोसा घेत घेत, दोन-तीन गुलाबी फेटे वर आले होते. देवरावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि बटण दाबलं. फेटे टपाटप खाली गेले.

तुरीच्या धुऱ्यावरून जीप गावाकडे निघाली तेव्हा म्हातारा मांडीवर थापट्या मारत हसत होता.